गोवा ते मुंबई, शिडाच्या लहान बोटीतून: टप्पे कसे ठरवायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. खानापूरच्या तिघा मित्रांनी गोव्यात जुनी २५ फुटी शिडाची बोट घेतली आहे. तिला लहान डिझेल इंजिन आहे. दोघांना वर्षभर मांडवीत आणि आग्वादच्या उपसागरात ती फिरवायचा सराव झालाय. आता फेब्रुवारीत आठ दिवसांची रजा काढून किनाऱ्याकिनाऱ्यानं मुंबई गाठायची आहे. रोज किती मैल धरायचे, मुक्काम कुठं करायचे आणि बरोबर काय घ्यायचं?

मी बेळगावचा. उद्यमबागेत माझं छोटं मशीन शॉप आहे, आणि वीसेक वर्षं शनिवारी पहाटे चोर्ला घाट उतरायचा, रविवारी रात्री परत चढायचा, असं करत शिडाची बोट चालवतोय. समुद्राकाठी न जन्मलेल्या माणसाला काय काय माहीत नसतं ते मी पुरेपूर भोगलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी वाईट बातमी. फेब्रुवारीत, आठ दिवसांत, गोव्याहून मुंबई होत नाही. म्हणजे एखाद्याची होईल, पण तुम्ही ती धरून चालू नका.

गणित बघा. किनारा धरून गेलं तर आग्वाद ते मुंबई सुमारे २२५ सागरी मैल. सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, तेव्हा चारशेच्या वर किलोमीटर झाले. आठ दिवसांनी भागलं की रोजचे २८ मैल येतात. तुमची बोट सरासरी ४ नॉट, म्हणजे तासाला ४ सागरी मैल, धरली तर रोज सात तास. कागदावर छान दिसतं. पण वारा कुठून येतो हे कागदावर नाही. आपल्या किनाऱ्यावर हिवाळा-उन्हाळ्यात दुपारचा खारा वारा वायव्येकडून येतो आणि फेब्रुवारीपासून तो दिवसेंदिवस जोर धरत जातो. तुम्ही जाणार उत्तरेला, जरा वायव्येला कलून. म्हणजे वारा थेट तोंडावर. शिडाची बोट वाऱ्याच्या तोंडात सरळ जात नाही, दोन्ही बाजूंना ४५ अंशांवर तिरपे टॅक घेत जाते; १० मैल पुढं सरकायला तिला १४ मैल कापावे लागतात. त्यात आखूड, उभ्या लाटा नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, आपटून वेग खातात. तासाला ४ मैलांचे पुढं सरकणारे दोन-अडीचच उरतात.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. मालवण ते देवगड हा २१ मैलांचा टप्पा, फेब्रुवारी महिना, आम्ही दोघे. मालवणात सकाळी उठलो, आरामात चहा-नाश्ता झाला, बर्फ मिळतोय का बघितलं आणि साडेनऊला नांगर उचलला. अकरापर्यंत वारा पडलेला, समुद्र तेलासारखा. बाराला वायव्येकडून गडद निळी रेघ सरकत आली. दोन वाजता वारा १८ नॉट. तासभर टॅक मारून जीपीएसवर बघितलं तर देवगड दोन मैलसुद्धा जवळ आलं नव्हतं. शेवटी शीड उतरवून इंजिनावर निघालो. देवगडचं दीपगृह लागलेलं दिसत होतं, उजेड जात होता, आणि मी पुढं बघायचं सोडून मोबाइलवरचा नकाशा बघत होतो. पांढरा थर्माकोलचा एक तुकडा बाजूनं गेला. पाठोपाठ इंजिन दमेकरी म्हाताऱ्यासारखं घरघरलं आणि बंद. जाळं पंख्यात.

नशीब की खाली ९ मीटरच पाणी होतं. लगेच नांगर टाकला. मित्र कपाळाला बॅटरी बांधून आणि हातात पाव कापावा तसली दातेरी सुरी घेऊन खाली उतरला. लाट आली की बोटीचा मागचा भाग हातभर उचलला जाई आणि त्याच्या डोक्यावर येऊन आदळे. नायलॉनचं जाळं पंख्याच्या दांड्याभोवती घर्षणानं वितळून गोळा झालं होतं. पाऊण तास लागला. वर आला तेव्हा भुवईपाशी खोक पडलेली. शेजारून एक मच्छीमार बोट आली, तिच्यामागोमाग आम्ही बंदरात शिरलो. दुसऱ्या दिवशी जाळ्याचे पैसे द्यायला गेलो तर मच्छीमार बोटीचा म्होरक्या, तांडेल, निम्मेच घेऊन म्हणाला, "निघताना चाय पिऊची नाय. पोचल्यार पिऊची."

उत्तरेकडच्या प्रवासाचं सगळं नियोजन मी आता त्याच वाक्यावर बसवतो. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते, मग जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा सुटतो. आपण शाळेत चार गुणांसाठी पाठ केला तोच. तो पूर्वेकडून, ईशान्येकडून येतो, म्हणजे उत्तरेला जाणाऱ्याला उजव्या कुशीवर. लाटा नाहीत, बोट हलकी कलून शिट्टी वाजवत जाते. हा वारा पहाटे चांगला असतो, नऊ-दहापर्यंत मरतो; मग तास-दीड तास काहीच नाही, आणि त्यानंतर खारा वारा. म्हणून पहाटे पाचला नांगर उचलायचा, मतलई वारा संपेपर्यंत शिडावर जायचं, मधल्या शांततेत इंजिन लावायचं आणि बारा-साडेबाराला पुढच्या ठिकाणी नांगर टाकायचा. चहा तेव्हा. सात तासांत २८ मैल होतात, पण मी २४ च धरतो.

पाचला अंधार असतो, मग धोका नाही का? आहे, पण बाहेर पडताना कमी. काल दिवसाउजेडी ज्या वाटेनं आत आलात ती रेघ जीपीएसवर असते, तिच्यावरून उलट जायचं. अनोळखी बंदरात अंधारात शिरायचं मात्र कधीच नाही. बाहेर पडल्यावर उजाडेपर्यंत इंजिन बंद ठेवून शिडावरच जा. शिडावर जाताना जाळ्यावरून गेलात तर बहुतेक वेळा घसरून पार होता. पंखा फिरत असला की जाळं ओढून घेतो. एकजण नाळेवर बॅटरी घेऊन बसलेला असू दे. जाळ्याच्या टोकांना बावटे असतात, काहींना लुकलुकणारा दिवा; मधे थर्माकोल किंवा प्लास्टिकचे कॅन तरंगतात. कधी कधी तेही नसतं.

आता टप्पे. आग्वाद ते वेंगुर्ले सुमारे २४ मैल, वेंगुर्ले ते मालवण खडक टाळून १८, मालवण ते देवगड २१, देवगड ते विजयदुर्ग १२, विजयदुर्ग ते रत्नागिरी २७, तिथून जयगड २०. इथपर्यंत प्रत्येक टप्पा एका सकाळीत बसतो किंवा बसवता येतो. पुढं जयगड ते हर्णै ३२, हर्णै ते राजपुरीची खाडी ३०, राजपुरी ते मुंबई ४०, असे लांब पल्ले आहेत. मधे दाभोळ आहे, बाणकोट आहे, पण दोन्हीकडं खाडीच्या तोंडाशी वाळूचे दांडे. आणि हर्णैला सुवर्णदुर्गाच्या आडोशाला वायव्येच्या वाऱ्यात रात्रभर झोप लागत नाही.

म्हणून माझा सल्ला: या खेपेला मुंबई विसरा, विजयदुर्ग धरा. वर जायला चार सकाळी, ७५ मैल. दोन दिवस राखीव. उतरताना तोच वायव्येचा वारा पाठीशी असतो, म्हणून दोनच दिवस: विजयदुर्ग ते मालवण ३२ मैल, मालवण ते आग्वाद ४०. आठ दिवस पूर्ण होतात आणि रजा संपली म्हणून वाईट हवेत बोट हाकायची पाळी येत नाही. लहान बोटींचे बहुतेक अपघात खवळलेल्या समुद्रामुळं होतात असं लोकांना वाटतं. मी बघितलेले निम्मे तरी सोमवारी कामावर हजर व्हायचंय म्हणून झालेले आहेत.

राखीव दोन दिवस शेवटाला ठेवू नका. एक मालवणला, एक विजयदुर्गला. मालवणला का, तर तिथं आत शिरणं हीच एक परीक्षा आहे. सिंधुदुर्ग बघायला सगळे जातात, पण किल्ल्याभोवती किती खडक आहेत ते बोटीचा तळ घेऊन गेल्याशिवाय कळत नाही. काही पाण्यावर दिसतात, काही ओहोटीलाच डोकं काढतात, काही कधीच नाहीत. महाराजांनी १६६४ मध्ये तिथं किल्ला बांधायला घेतला तो उगाच नव्हे. अनोळखी जहाजाला ती जागा खायला उठते. सूर्य डोक्यावर किंवा पाठीमागं असताना शिरा. सूर्य समोर असला की पाण्याखालचं काही दिसत नाही. पहिल्या वेळी तिथल्याच एखाद्या होडीवाल्याला पुढं घालून आत जा. पैसे द्यावे लागले तर द्या, तळाला भोक पडण्यापेक्षा स्वस्त. वेंगुर्ले ते मालवण जाताना निवतीच्या समोर समुद्रात खडकाळ बेटांचा पुंजका आहे, दीपगृहही आहे. त्याच्या आणि किनाऱ्याच्या मधून जायचा मोह होतो. पहिल्या खेपेला बाहेरून जा.

देवगड आणि विजयदुर्ग यांची काळजी नको. देवगड चांगलं आडोशाचं बंदर आहे. विजयदुर्गला किल्ल्याला वळसा घालून वाघोटन खाडीत शिरलात की दर्या एकदम बंद होतो, दार लावल्यासारखा. आंग्र्यांचं आरमार तिथं का होतं हे तिथं एक रात्र नांगरावर काढल्याशिवाय समजत नाही.

खाडीत शिरताना एवढंच बघायचं की भरती चालू असावी. ओहोटीचं पाणी बाहेर येतंय आणि समोरून वाऱ्याची लाट आत येतेय, अशा वेळी तोंडाशी लाटा उभ्या राहून फुटतात. भरतीची वेळ काढायला कोळी लोकांचा हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट. पंचमी असली तर पाचाचे पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमाराला पूर्ण भरती. शुद्ध असो की वद्य. हा हिशोब मुंबईकडं बरा बसतो, गोव्याकडं भरती थोडी आधी येते. नेमक्या वेळेसाठी छापील भरती-ओहोटीची कोष्टकं बघा. घरात कालनिर्णय आहेच, तिथी बघायची सवय आईला असते, आपल्याला लावून घ्यावी लागते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासचं उधाण टाळून अष्टमीच्या आसपासचा भांग, म्हणजे पाण्याचा चढउतार कमी असतो तो काळ, निवडलात तर पहिल्या सफरीत बरंच सोपं जाईल.

गंमत म्हणजे ती कोष्टकं भारतीय सर्वेक्षण विभाग काढतो आणि समुद्राचे अधिकृत नकाशे नौदलाचं जलसर्वेक्षण कार्यालय काढतं, आणि दोन्हींची कचेरी डेहराडूनला आहे. हिमालयाच्या पायथ्याशी बसून माणसं समुद्र मोजतात. तेव्हा घाटमाथ्यावरच्या आपण लाजायचं कारण नाही. तुम्ही तर खानापूरचे. नौदलाची 'म्हादेई' ही शिडाची बोट दिवाडीला गोव्यात बांधली गेली आणि तिच्यातून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली. ते नाव तुमच्या तालुक्यात उगम पावणाऱ्या नदीचं. तुमची बोट पणजीला ज्या मांडवीत उभी आहे ती म्हादईच. आणि बघा, दोंदेही टप्प्यानंच गेले: फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली आणि केपटाउन असे चार थांबे, एकूण पाच टप्पे.

मोबाइलवरचा नकाशा वापरा, मीही वापरतो, पण दुसऱ्या फोनमध्येही उतरवून ठेवा आणि कागदी नकाशा बरोबर असू द्या. आदल्या रात्री त्यावर पेन्सिलनं उद्याची वाट आखा. नकाशावरच्या १० मीटर खोलीच्या रेघेच्या आत बंदरात शिरतानाच जायचं. आणि प्रत्येक टप्प्याच्या मधे एक जागा लिहा, जिथं अर्ध्यावरून वळून आडोसा घेता येईल. मालवण ते आग्वाद या ४० मैलांत ती वेंगुर्ले. जिथं अशी जागा सापडत नाही तिथं 'किती वाजेपर्यंत अमुक ठिकाणी पोचलो नाही तर परत फिरायचं' ती वेळ लिहा. ही वेळ जमिनीवर असताना लिहायची. समुद्रात प्रत्येकाला वाटतं, अजून अर्धा तास बघू या की.

हवामानासाठी रोज संध्याकाळी दोन गोष्टी: भारतीय हवामान विभागाचा मच्छीमारांसाठीचा इशारा, आणि हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती केंद्राचा लाटांचा अंदाज. तुमच्या अनुभवाला माझी मर्यादा अशी: तोंडावरचा वारा १५ नॉटपेक्षा जास्त किंवा लाट दीड मीटरच्या वर सांगितली असेल तर त्या दिवशी बंदरात पत्ते खेळा. पावसाळ्याचं सांगायला नको, जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारीच बंद असते. पण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ढग गेले म्हणून घाई करू नका. ११ नोव्हेंबर २००९ ला 'फयान' चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आलं, आणि २०१७ चं 'ओखी' तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. माझा आवडता काळ डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंत. मतलई वारा तेव्हा भरपूर, दुपारचा वायव्येचा अजून मवाळ. रजा जानेवारीत सरकवता आली तर सरकवा.

मुंबईला जायचंच असेल तर पुढच्या हिवाळ्यात दोन-दोन दिवसांच्या टप्प्यांनी न्या. यात आपल्या भागातल्या लोकांना एक फायदा आहे जो मुंबई-पुण्याच्या लोकांना नाही. आपला प्रत्येक घाट एकेका बंदराला उतरतो. बेळगावात हिंडलग्यावरून जातो त्याला वेंगुर्ला रोड म्हणतात, कारण एके काळी कॅम्पातल्या पलटणींचा माल वेंगुर्ल्याच्या बंदरातूनच वर चढायचा. निपाणीहून फोंडा घाटानं निघालेला रस्ता थेट देवगडला जातो. रत्नागिरीसाठी कोल्हापूरवरून आंबा घाट. म्हणजे शुक्रवारी रात्री उतरायचं, शनिवार-रविवारी एक-दोन टप्पे करायचे, बोट बांधायची आणि गाडीनं घरी. गाडी घेऊन किनाऱ्यानं येणारा चौथा मित्र मात्र हवा. तो मिळाला तर त्याला जपा. बोट आठवडाभर सोडताना बंदरातल्या एखाद्या मच्छीमार कुटुंबाशी पैसे ठरवून लक्ष ठेवायला सांगा, आणि बंदराच्या कार्यालयात नोंद करा.

कागदपत्रांचं थोडक्यात: बोटीची नोंदणी, विमा, सगळ्यांची ओळखपत्रं पाणी न लागेल अशा पिशवीत. २००८ नंतर किनाऱ्यावर चौकशी होतेच, सागरी पोलिसांनी थांबवलं तर हसून कागद द्या. विनापरवाना उपग्रह फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र, परदेशातल्या कोणी भेट दिलं असलं तरी, बोटीवर ठेवू नका. आपल्याकडं तो गुन्हा आहे. व्हीएचएफ रेडिओ (बोटीवरून बोलायचा बिनतारी संच) रीतसर घ्या, चॅनल १६ वर, म्हणजे संकटात हाक मारायच्या चॅनलवर, कान ठेवा. कधी दक्षिणेला जायचं ठरलं तर कारवारला नौदलाचा तळ आहे, तिथलं निषिद्ध क्षेत्र आधी नकाशावर आखून घ्या.

नांगराबद्दल दोन ओळी जास्त लिहितो, कारण रात्रीची झोप त्यावर आहे. ओहोटीला ३ मीटर पाणी असलेल्या जागी तुम्ही नांगर टाकला. भरतीनं आणखी २ मीटर चढणार. नाळ पाण्यापासून १ मीटर उंच. झाले ६. साखळी असेल तर याच्या पाचपट, ३० मीटर सोडायची. बहुतेक दोरच असेल तर सातपट, ४२ मीटर. लोक ओहोटीच्या ३ मीटरवर हिशोब करतात आणि मध्यरात्री शेजारच्या ट्रॉलरला जाऊन टेकतात. सोडल्यावर इंजिन हळूच उलट चालवून ताण द्या, साखळीवर हात ठेवा. दगडावर घसरत असेल तर हाताला खरखर लागते, रुतला असेल तर नुसता ताण.

डिझेल: अशा इंजिनाला तासाला २ लिटर धरा आणि वाऱ्याचा भरवसा न धरता पूर्ण टप्प्याचं इंजिनचं डिझेल, वर निम्मं. पिण्याचं पाणी माणशी रोज ४ लिटर. खाण्याचं आपल्याकडं सोपं आहे: कडक भाकरी, शेंगाची चटणी, गोकाकचा करदंट. भाकरी दमट हवेत मऊ पडते म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात. करदंट पहाटेच्या पाळीला एक तुकडा तोंडात टाकला की तासभर पोटाला आधार. कुंदा नेऊ नका. मी एकदा नेला होता, दुसऱ्या दिवशी माशांना दिला.

शेवटचं, आणि हे करायला पाच मिनिटं लागतात. निघण्याआधी एका कागदावर टप्पे, तारखा, प्रत्येक ठिकाणी पोचायची वेळ, बोटीचा रंग, माणसांची नावं आणि फोन लिहून घरी द्या. खाली मोठ्या अक्षरात तटरक्षक दलाचा मदतीचा क्रमांक १५५४. रोज दुपारी नांगर पडला की घरी फोन. आमच्याकडं तो कागद फ्रिजवर लावलेला असतो. देवगडच्या त्या संध्याकाळी सात वाजून गेले तरी फोन नाही म्हणून बायकोनं क्रमांक दाबायला घेतला होता, तेवढ्यात माझा लागला. तेव्हापासून कागदावर पोचायची वेळ ती स्वतः लिहिते, आणि मी सांगितलेल्या वेळेत दोन तास मिळवून लिहिते.